झारीतील शुक्राचार्य : मराठी विज्ञानसाहित्य आणि तरुण मनाची पृच्छा

काही वाक्प्रचार असे असतात की त्यांत समाजाने एखाद्या व्यक्तीविषयीचा आपला निकाल कायमचा लिहून ठेवलेला असतो. ‘झारीतील शुक्राचार्य’ हा मराठीतील असाच एक वाक्प्रचार होय. देणारा देण्यास तयार आहे, घेणारा घेण्यास उभा आहे, आणि मध्येच कोणीतरी अडून बसले आहे, अशा प्रसंगी आपण तो सहज उच्चारतो. त्यामागील पुराणकथा सर्वश्रुत आहे. बटू वामनाने बळीराजाकडे तीन पावले भूमी मागितली. समोर उभा असलेला बटू दिसतो तसा नाही, हे दैत्यगुरू शुक्राचार्यांनी ओळखले व शिष्यास सावध केले. बळीने ऐकले नाही. तेव्हा दानाचे उदक सोडण्याच्या क्षणी गुरू सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत शिरले. वामनाने दर्भाच्या काडीने तोटी मोकळी केली, आणि त्या काडीने शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. पुढे उदक पडले, आणि बटू त्रैलोक्य व्यापून उरला.

या कथेत दानाची थोरवी बळीकडे गेली, कर्तृत्व वामनाकडे गेले, आणि उपहास तेवढा शुक्राचार्यांच्या वाट्यास आला. तथापि त्या यज्ञमंडपात मागणीचा खरा अर्थ ज्याला कळला होता असा एकच मनुष्य होता, आणि तो हाच. शब्द दिला जाण्यापूर्वी ‘तीन पावले म्हणजे किती?’ हा प्रश्न त्यानेच मनात आणला. अशा मनुष्याला आपल्या भाषेने खलाच्या पंक्तीस बसवावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे.

हा विचार येथे मांडण्याचे कारण असे की यंत्रविद्येच्या नीतीविषयी तरुणांनी चिकित्सक बुद्धीने विचार करावा, असे आज सर्वत्र बोलले जाते. शाळांतून त्यावर भाषणे होतात, वादस्पर्धा होतात. परंतु असा विचार करणे म्हणजे नेमके काय करणे, आणि आपल्या साहित्याने त्या विचाराला कोणते रूप दिले आहे, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या विचाराचे मूळ बळीच्या यज्ञमंडपातील प्रश्नातच आहे. मी जे देत आहे त्याचे माप काय, ते माप उद्या बदलले तर माझ्या शब्दाचे काय, आणि पाऊल पडेल तेव्हा त्याच्याखाली कोण असेल? या तीन पृच्छा ज्या तरुण मनात उठतात ते मन नीतीचा विचार करू लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न हवेतला नाही, हे पाहण्यासाठी राजधानीतील एका वस्तीकडे वळावे. दिल्लीच्या दक्षिण भागातील रामकृष्णपुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आर. के. पुरम, ही रामकृष्ण परमहंसांचे नाव ल्यालेली आणि सरकारी नोकरांच्या निवासासाठी वसविलेली वसाहत. चौकोनी सेक्टर, एकसारखी घरे, कचेऱ्यांच्या लांबलचक इमारती. तेथील वेस्ट ब्लॉकमध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने दीर्घकाळ आपले काम केले. या आयोगाची स्थापना १९६१ साली झाली. विज्ञानाला आणि तंत्राला भारतीय भाषांतून नावे देणे हे त्याचे कार्य. आपल्याकडेही १९६० साली भाषा संचालनालय निघाले व पदनामांपासून शास्त्रीय परिभाषेपर्यंत कोश तयार झाले. यंत्राला नाव देण्याचे कार्य या संस्थांनी निष्ठेने केले, याविषयी दुमत नाही.

परंतु याच आर. के. पुरममधील एका नामवंत शाळेच्या संदर्भात २००४ साली जे घडले, त्याला नाव कोणत्याही कोशात सापडत नव्हते. दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या खासगी क्षणांचे भ्रमणध्वनीवर चित्रण झाले. ते एका हातातून दुसऱ्या हाती गेले आणि शेवटी एका व्यापारी संकेतस्थळावर विक्रीस ठेवले गेले. संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली, खटला वर्षानुवर्षे चालला, शाळांतून भ्रमणध्वनीवर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ साली दुरुस्ती होऊन संमतीवाचून एखाद्याच्या खासगी अंगाचे चित्र टिपणे वा प्रसृत करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि मध्यस्थ कंपन्यांच्या दायित्वाचे कलमही नव्याने लिहिले गेले. वडीलधाऱ्यांनी जे प्रश्न विचारले ते सारे जबाबदारीचे होते : विकणारा कोण, दोषी कोण, बंदी कशावर? शाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रश्न मात्र निराळा असणार. माझ्याकडे हे आले तेव्हा ते पुढे पाठविणारा हात माझा होता काय? ज्यांचे चित्र फिरले त्यांना विचारले कोणी? हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत पुरता मावत नाही. तो साहित्याचा प्रश्न आहे.

याच दिल्लीत बारा वर्षांनंतर त्याचे दुसरे टोक दिसले. व्हॉट्सअ‍ॅप ही कंपनी २०१४ साली फेसबुकने विकत घेतली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या खासगीपणाला धक्का लागणार नाही असे आश्वासन देण्यात आले होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये धोरण बदलले आणि वापरणाऱ्यांची माहिती मूळ कंपनीस देण्याची तजवीज झाली. या बदलाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले ते दोघे तरुण विद्यार्थी होते. २३ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने धोरण रद्द केले नाही. ज्याला ते मान्य नसेल त्याला खाते काढून टाकण्याचा मार्ग मोकळा आहे असे म्हटले. मात्र २५ सप्टेंबरपूर्वी जे खाते काढून टाकतील त्यांची माहिती पुसून टाकावी, आणि जे राहतील त्यांची त्या दिवसापर्यंतची माहिती दुसऱ्यास देऊ नये, असा आदेश दिला. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले व २०१७ साली प्रकरण घटनापीठाकडे सोपविले गेले. खटल्याच्या जयापजयाचा विचार येथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की कोट्यवधी लोकांनी एका स्पर्शाने ‘होय’ म्हटले असता दोघांनी विचारले : आम्ही शब्द दिला तो बटूला; आता समोर उभा आहे तो कोण? दोन पावले पडून गेल्यावर का होईना, तिसऱ्या पावलापूर्वी झारीत शिरणारे हे दोन तरुण शुक्राचार्य होत.

आता साहित्याकडे येऊ. मराठी काव्याने यंत्राचे भय फार पूर्वी ओळखले. बा. सी. मर्ढेकरांचे ‘काही कविता’ १९४७ साली आले, आणि गिरणीच्या, आगगाडीच्या, घड्याळाच्या तालावर फरफटणारा मनुष्य मराठी कवितेत प्रथमच त्याच्या साऱ्या केविलवाणेपणासह उभा राहिला. आकाशवाणीच्या सेवेत असलेला हा कवी १९५६ साली दिल्लीतच निवर्तला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्याच्या ग्रंथास त्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार मिळाला. मर्ढेकरांच्या यंत्रविषयक प्रतिमांचे सामर्थ्य वादातीत आहे. तथापि त्यांचे यंत्र माणसाच्या बाहेर आहे. ते माणसाला चिरडते, दळते, एकसारखे करते; ते त्याची परवानगी मागत नाही. आजचे यंत्र मात्र दरवेळी परवानगी मागते. किंबहुना त्याची सारी सत्ता मागण्यातच आहे. वामनाची सत्ता याचनेत होती तशीच ही. म्हणून मर्ढेकरांची वेदना आजच्या तरुणाला परकी वाटणार नाही, पण त्याच्या प्रश्नाला ती पुरणार नाही.

बालकुमारांच्या साहित्यात भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पिढ्यान् पिढ्या वाचकांचा सोबती झाला. तो चौकस आहे, निर्भय आहे, वडील माणसे म्हणतात म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानणारा नाही. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या लेखकाच्या लेखणीतून असे पात्र उतरावे हे स्वाभाविकच. पण साहसकथेची एक मर्यादा असते : तिच्यात दुष्ट हा दुसरा कोणीतरी असतो, आणि शेवटी तो सापडतो. जेथे दुष्ट दिसतच नाही, जेथे अपहार होतो तो आपणच दिलेल्या होकारातून, तेथे धावणारे पाय उपयोगी पडत नाहीत. तेथे थांबणारे मन लागते.

असे थांबणारे मन आपणास विज्ञानकथेत भेटावे, अशी अपेक्षा वावगी नव्हे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने धाडली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले, ते कथेची पारख नावावर न होता गुणावर व्हावी म्हणून. कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेचा नवा कालखंड सुरू झाला. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर निवर्तले, तेव्हा त्यांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेल्या वाचकांच्या किती पिढ्या मागे राहिल्या याची जाणीव सर्वांस झाली.

त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीचे शीर्षकच आपल्या विषयाशी जडलेले आहे. भूमीच्या पोटात एक पेटी सापडते; तिच्यात लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठविलेले असते; त्या ज्ञानाच्या बळावर वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो, आणि आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा मानवजातीच्या मुळावर येते. प्रारंभी लहान दिसणारी मागणी शेवटी सर्वव्यापी होते, हे पुराणातील बीज लेखकाने अचूक वेचले आहे. आज यंत्रबुद्धीविषयी जी धास्ती जगभर व्यक्त होते तिची मांडणी मराठीत ऐंशीच्या दशकातच झाली होती, ही अभिमानाची गोष्ट होय.

तरीही एक उणीव नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. या कादंबरीत, आणि तिच्या मागून आलेल्या पुष्कळ मराठी विज्ञानकथांत, नीतीचा प्रश्न उद्भवतो तो प्रयोगशाळेत, आणि सुटतो तो शास्त्रज्ञ व शासन यांच्या विचारविनिमयात. धोका ओळखणारे तज्ज्ञ, निर्णय घेणारे तज्ज्ञ. तरुण वाचक या कथा डोळे विस्फारून वाचतो. पण कथेच्या आत त्याची जागा बहुधा श्रोत्याची असते. ज्याच्या आयुष्यावर ते पाऊल पडणार आहे, तो मंडपाबाहेर उभा असतो. लेखकाचा हेतू वैज्ञानिक दृष्टी रुजविण्याचा होता व तो सफल झाला, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की ‘हे कसे चालते?’ या प्रश्नाला आपल्या विज्ञानकथेने जितके स्थान दिले तितके ‘हे चालावे काय, आणि हे ठरविणारा कोण?’ या प्रश्नाला दिले नाही.

यावर कोणी म्हणेल की तो प्रश्न मराठीच्या प्रकृतीतच नाही. हे मात्र खरे नव्हे. तो प्रश्न मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे, आणि तोही याच वामनकथेच्या निमित्ताने. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. तो संवादरूप आहे. एक जोतीराव, दुसरा धोंडीबा. धोंडीबा शंका काढतो आणि ग्रंथ पुढे सरकतो. त्यात वामनाच्या पावलांची जी झडती घेतलेली आहे तिचे मर्म असे : एका पावलात पृथ्वी व्यापली असेल, तर त्या पावलाखाली सापडलेल्या गावांचे आणि माणसांचे काय झाले? पुराणकाराने आकाशाकडे पाहिले, या संवादाने जमिनीकडे पाहिले. फुल्यांच्या इतिहासविषयक निष्कर्षांची चिकित्सा अभ्यासक करीत आले आहेत व करतील. पण पावलाच्या भव्यतेने दिपून न जाता पावलाखाली कोण आहे हे विचारण्याची ही रीत, तीच यंत्रविद्येच्या नीतीची खरी रीत नव्हे काय?

धोंडीबाच्या भूमिकेलाही मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचे प्रश्न पुष्कळदा जोतीरावांच्या उत्तरासाठी पायरी म्हणून येतात. त्याला स्वतःचे निराळे उत्तर नाही. असे असले तरी त्याच्या विचारण्यावाचून ग्रंथाचे एकही पान उलटत नाही, हा रचनेचा विशेष मोलाचा आहे. प्रश्न हेच जेथे कथेच्या गतीचे कारण असते, असा आकृतिबंध आपल्याजवळ होता. आपल्या विज्ञानकथेने व्हर्नकडून साहस घेतले, शास्त्राकडून कल्पना घेतली. धोंडीबाकडून पृच्छा मात्र घेतली नाही.

येथे एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. साहित्य म्हणजे नागरिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे. कथेने नीती शिकवू लागावे तर तिचे कथापण जाते, असे म्हटले जाईल. आक्षेप योग्य आहे, आणि आपल्या बालसाहित्याने उपदेशापायी पुष्कळ सोसलेही आहे. पण येथे मागणी उपदेशाची नसून पात्राची आहे. तरुण पात्राला प्रश्न पडला, तो त्याच्या स्वतःच्या जगण्यातून पडला, आणि विचारल्याची काही किंमत त्याला मोजावी लागली, तर उपदेशाला वावच उरत नाही. शुक्राचार्यांनी डोळा दिला. ‘हे पुढे पाठवू नका’ असे मित्रांच्या मेळाव्यात म्हणणाऱ्या मुलालाही काही द्यावे लागते : मैत्री, लोकप्रियता, कदाचित ‘फार शहाणा’ हे बिरुद. त्या देण्यात नाट्य आहे. २००९ सालच्या ‘देव.डी’ या हिंदी चित्रपटाने दिल्लीच्या त्या घटनेची छाया घेऊन एका मुलीचे उद्ध्वस्त जीवन दाखविले. तिची वेदना प्रेक्षकांपर्यंत पोचली. परंतु चित्र पाठविणाऱ्या, पाहणाऱ्या आणि थांबू शकणाऱ्या मुलांच्या मनाची कथा त्याहून अवघड आहे. ती कथा लिहिणाऱ्याला यंत्राच्या ज्ञानापेक्षा माणसाच्या ज्ञानाची अधिक गरज लागेल.

अशा कथेला भाषाही हवी. मराठीत परवानगीच्या कितीतरी छटा आहेत. थोरांनी धाकट्यांस द्यावयाची ती मुभा. कचेरीने द्यावयाची ती अनुज्ञा. सोयरिकीत द्यावयाचा तो होकार. चुकीबद्दल किंवा कर्जाबद्दल द्यावयाची ती कबुली. आणि समजून उमजून, बरोबरीच्या नात्याने द्यावयाची ती संमती. यंत्राच्या पडद्यावर मात्र या सर्वांऐवजी एकच शब्द उमटतो : ‘सहमत’. मराठीत सहमत होणे म्हणजे दुसऱ्याचे मत आपलेही मत असणे. ज्याने अटींचा कागद वाचलाच नाही तो त्या अटींशी सहमत कसा? त्याने फार तर मुकाट्याने मान डोलविली. परिभाषा अचूक असूनही भाषा खोटी होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. यंत्राला नाव देणे कोशकाराचे काम आहे. यंत्रासमोर आपण जे करतो त्याला खरे नाव देणे हे लेखकाचे.

कायद्याने आपल्या परीने मार्ग काढला आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. संरक्षण म्हणून हे योग्यच. परंतु त्यायोगे शब्द देण्याचा अधिकार पालकाकडे गेला, तरी विचार करण्याचे ओझे मुलावरच राहते. कारण यंत्र मुलाच्या हातात आहे आणि ते हाताळण्यात पालक बहुधा त्याचाच विद्यार्थी आहे. बळी हा प्रल्हादाचा नातू, ही गोष्ट येथे सहज आठवते. ज्या कुळात एका बालकाने प्रत्यक्ष पित्याला ‘नाही’ म्हटले, त्याच कुळातील थोर राजा याचकाला ‘नाही’ म्हणू शकला नाही. विचार वारशाने मिळत नाही; प्रत्येक पिढीला तो पुन्हा करावा लागतो.

शेवटी त्या वाक्प्रचाराकडे परत येऊ. तो भाषेतून काढून टाकावा असे येथे सुचवावयाचे नाही. स्वतःच्या क्षुद्र लाभासाठी दुसऱ्याचे न्याय्य देणे अडविणारे लोक कचेऱ्यांतून अजूनही आहेत, आणि त्यांच्यासाठी हे नाव राहू द्यावे. परंतु अडविणे दोन प्रकारचे असते. एक आपल्यासाठी, आणि एक ज्याचा शब्द घेतला जात आहे त्याच्यासाठी. घरात, वर्गात, मित्रांच्या घोळक्यात एखादी मुलगी वा मुलगा ‘थांबा, हे माप आधी समजून घेऊ’ असे म्हणतो, तेव्हा आपल्या ओठांवर जुना शब्द येतो. तो ओठांवरच थोपविणे मराठी लेखकाला जमले, आणि त्या अडणाऱ्या मुलाला कथेच्या मध्यभागी बसवून त्याच्या गेलेल्या डोळ्याची कहाणी सांगणे जमले, तर विज्ञानसाहित्यात आज जी जागा रिकामी आहे ती भरून निघेल. उदक अजून झारीत आहे.